दाढ नव्हे, ताडै

"दाढ दुखतेय तिची. डावीकडची," मी ठासून सांगितलं.

डॉक्टर देवेशने मालोजींकडे पाहिलं. मालोजींनी आधी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावली. चेन्नईत चार वर्षं काढूनही इथल्या माणसाची डोललेली मान 'हो' म्हणते की 'नाही', हे मला अजून कळत नाही. मी ते 'हो' धरलं आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

मैलापूरच्या एका बँकेत काम करणारी एकोणपन्नास वर्षांची मी, शशिकला, गिंडीच्या कारखान्यांमागच्या घोडेस्वारीच्या शाळेत काय करत होते, हा प्रश्न माझ्या नवऱ्यालाही पडतो. गुडघे वाजायला लागले तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, चाला. मला चालायचा भारी कंटाळा. म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी चालावं आणि आपण वर बसावं. तेव्हापासून शनिवार-रविवारी सकाळी सहाला मी तिथे असते आणि मधुवंती नावाची तांबूस घोडी मला पाठीवर घेऊन रिंगणाला फेऱ्या मारते.

शाळा शेषाद्री सरांची. सरांना संगीताचं वेड, म्हणून त्यांच्या सगळ्या घोड्यांना रागांची नावं आहेत. कल्याणी लाथ मारते, भैरवी चावते. एक मधुवंती तेवढी नावाप्रमाणे गोड होती. माझ्यासारखं पोतं पाठीवर पडलं तरी कान न पाडणारी. पण दोन महिन्यांपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. डावा लगाम जरा खेचला की मान वर फेकायची, डोकं तिरकं करायची आणि मागचा उजवा पाय आखडून चालायची. पायाचे फोटो काढून झाले, पायात काही सापडलं नाही. मग शिकवणाऱ्या मास्तरांना तिने एका सकाळी कुंपणापाशी उतरवून दिलं. म्हणजे पाडलंच, पण मास्तर 'उतरलो' म्हणतात.

आणि मालोजी हे तिथले घोडे सांभाळणारे, मोतद्दार. हा शब्द त्यांचाच. बाकी सगळे त्यांना 'सायस' म्हणतात, पण ते स्वतःला मोतद्दार म्हणवतात. तबेल्याला पागा म्हणतात, घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी दांडीला कडियाळं म्हणतात. हे शब्द मी शाळेत इतिहासाच्या धड्यात वाचले होते. जिवंत माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले ते चेन्नईत, एकसष्ट वर्षांच्या, खाकी अर्धी चड्डी घातलेल्या, कपाळाला विभूती लावलेल्या या माणसाकडून. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. "आमचं मराठी तिथं होतं तसं राहिलं, अक्का. तुमचं पुढं जाऊन बिघडलं," असं ते मला अगदी गंभीरपणे सांगतात.

त्या दिवशी डॉक्टर देवेश नवाच आला होता. अकोल्याचा पोरगा, परभणीला शिकलेला, घोड्यांचा डॉक्टर म्हणून चेन्नईत येऊन सहा महिने झालेले. तमिळ म्हणाल तर पाणी मागण्यापुरतं. तो मराठी आहे हे कळल्यावर मालोजींचा चेहरा उजळला. त्यांनी तमिळ बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली आणि आपल्या मराठीत सांगायला सुरुवात केली.

"डावे ताडैंत दुखतं तिजला, डॉक्टर सार. म्हणून लगाम सोसत नाही. लगाम सोसत नाही म्हणून पाऊल टाकत नाही."

"काय दुखतं म्हणाले, मॅडम?" देवेशने मला विचारलं.

आणि मी, मराठीची मक्तेदार, चटकन बोलून मोकळी झाले. ज्या गावात शशिकलाची 'सशिकला' होते, तिथे दाढेची 'ताडै' व्हायला कितीसा वेळ? द चा त, ढ चा ड. म्हातारबुवांचे उच्चार सुधारून मी डॉक्टरांच्या हाती दाढ दिली.

देवेशने भुलीचं इंजेक्शन दिलं, लोखंडी चौकट लावून मधुवंतीचं तोंड उघडं ठेवलं आणि तासभर दाढा कानशीने घासल्या. "थोड्या धारदार झाल्या होत्या, मॅडम," तो समाधानाने म्हणाला. मालोजी सगळा वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मधूनच ते तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, पण मी तेव्हा देवेशला अकोल्यात कुठे राहता, ते विचारत होते.

पुढच्या आठवड्यात मधुवंती बरी व्हायच्या ऐवजी जास्तच बिघडली. कडियाळं पाहिलं तरी मागे सरायची. गवताचे अर्धे चघळलेले बोळे तिच्या तोंडातून खाली पडायचे. मालोजी कुळीथ शिजवून, हाताने कुस्करून तिला भरवायचे.

अजून एक गोष्ट मी पाहिली आणि तीही मला कळली नाही. घोडा नेहमी त्याच्या डाव्या बाजूने चालवत न्यायचा, हा तिथला पहिला धडा. सहा वर्षांचं पोरसुद्धा तो चुकत नाही. मालोजी मात्र मधुवंतीला उजवीकडून धरून न्यायला लागले होते. मास्तर हसले. शेषाद्री सर तर चिडलेच.

"चौतीस वर्षं काम करून घोडा कुठल्या बाजूने धरायचा ते विसरलात?" ते तमिळमध्ये म्हणाले.

मालोजींनी मान डोलावली आणि उजवीकडूनच तिला आत नेलं. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

मग एका रविवारी शेषाद्री सरांनी निर्णय सांगितला. मधुवंती आता शाळेच्या कामाची राहिली नाही. पुढच्या रविवारी समुद्रावर पोरांना फेऱ्या मारणारे लोक येतील आणि तिला घेऊन जातील. सर दुष्ट नाहीत, त्यांचा आवाजही पडला होता. पण जो घोडा मास्तरांना पाडतो त्याच्यावर ते दुसऱ्यांची मुलं कशी बसवणार? आणि समुद्रावर काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे दिवसभर ऊन, वाळू आणि तोंडात खसाखसा ओढलेला लगाम. मालोजी मधुवंतीसाठी कुळीथ कुस्करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत, असं मास्तरांनी मला फोनवर सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी बँक सुटल्यावर मी त्यांचं घर शोधत सैदापेटला गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी तांदळाच्या पिठाची रांगोळी. मालोजी औषध आणायला बाहेर गेले होते. त्यांची बायको विमला हिने मला बसवलं, पितळी पेल्यात फेसाळ कॉफी दिली आणि ताटलीत चकलीसारखे मुरुक्कू ठेवले. मी कडाकड चावून खाल्ले. तिने मात्र आपला मुरुक्कू कॉफीत बुडवला, मऊ होईपर्यंत थांबली आणि तोंड जरासं तिरकं उघडून खाल्ला.

"दाढ दुखते का हो?" मी विचारलं.

"दाढ नव्हे, बाई." ती हसली. "दाढा दोन होत्या इथं, चांगल्या होत्या. त्या दांताच्या डॉक्टरनं काढून टाकल्या. मग कळलं, दुखणं दाढेंत नव्हतंच. ताडैंत होतं."

माझा हात ताटलीतच राहिला.

"कशात?"

"ताडै." तिने कानाच्या पुढे, गालाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं आणि तोंड उघडून मिटलं. टक् असा बारीक आवाज मलाही ऐकू आला. "हा सांधा. तमिळांत ताडै म्हणतात. तुमच्यांत काय म्हणतात?"

"जबडा," मी म्हटलं.

"हां, तेच. हे दुखतं ना, तेव्हां सगळं अंग दुखतं बघा. मी जिना चढत नाही. पाऊल पडलं की इथं लागतं. मान एकीकडे धरूनच चालते. ह्यांनी मज पाहून घोडीचं ओळखलं. म्हणाले, विमले, ती तुझ्यासारखीच चालते की!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मालोजींच्या अख्ख्या वाक्यात एकच शब्द तमिळ होता आणि मी नेमका तोच मराठी समजले होते. बरं, नुसती समजून गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी तो ठासून सांगितला. आणि ज्या सांध्याला हातही सोसत नव्हता, तो सांधा आम्ही लोखंडाची चौकट लावून तासभर ताणून धरला. विमलाच्या दाढा गेल्या तशाच या घोडीच्याही उगाचच घासल्या गेल्या.

मालोजी आले तेव्हा मी रडवेली होऊन विचारलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तमिळमध्ये सांगायचं, हाताने दाखवायचं!"

ते जरा वेळ चप्पल काढत राहिले.

"महाराष्ट्रांतली माणसं येतात, आमचं मराठी ऐकतात आणि हसतात, अक्का. म्हणतात, हे कसलं मराठी. ह्या डॉक्टर सारनी मन लावून ऐकलं. तुम्ही दाढ म्हणालात; तुमच्यांत ताडैला तसंच म्हणत असतील. मज वाटलं, कळलं ह्यांना. मग ते दांत पाहायला लागले. मी म्हटलं, शिकलेला माणूस आहे, त्या वाटेनं जात असेल. परत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ह्याला मराठी येत नाही." त्यांनी चपला भिंतीशी लावल्या. "चूक माझीच. माझ्या अभिमानापायीं जनावराला त्रास झाला."

"चूक तुमची नाही," मी म्हटलं. एवढं बोलून मी देवेशला फोन लावला.

शनिवारी सकाळी सातला आम्ही सगळे पागेत होतो. देवेश आला तो थोडा घुश्शातच होता. कुणाला आवडतं हो, चुकलात म्हणून सांगितलेलं? पण पोरगा सरळ. मालोजींनी त्याचा हात धरला आणि त्याची बोटं मधुवंतीच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मध्ये नेऊन ठेवली. मग उजव्या बाजूला नेली, मग परत डाव्या. "हलकेच," ते म्हणाले.

देवेशचा चेहरा बदलला. "गरम आहे. सूजही आहे, बारीकशी." त्याने जरा दाबलं. मधुवंतीचे कान मागे गेले आणि तिने मान झटकली. देवेश हात खाली घेऊन उभा राहिला. "काका, हे मी पाहायला पाहिजे होतं. पायाचे फोटो पाहिले, दात पाहिले, अन् इथं हातच लावला नाही मी."

शेषाद्री सरांना ते पटलं नव्हतं. हाताची घडी घालून ते म्हणाले, "सूज काय, कशानेही येते. उद्या माणसं यायची आहेत. मला खात्री पाहिजे."

"खात्री करता येते, सर," देवेश इंग्रजीत म्हणाला. "आधी तिला कडियाळं घालून चालवून बघू. मग या सांध्यात बधिर करायचं इंजेक्शन देतो. वीस मिनिटं थांबू आणि परत चालवू. दुखणं इथलंच असेल, तर तेवढ्यापुरती ती सुधारेल. सुधारली नाही, तर मी चुकलो आणि हे काकाही चुकले."

पण चालवणार कोण? मास्तरांनी नजर चुकवली. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानले.

"मी बसतों," मालोजी म्हणाले.

शाळेचा नियम होता, मोतद्दाराने रिंगणात घोड्यावर बसायचं नाही. चौतीस वर्षं या माणसाने घोडे धुतले, चारले, चालवले, पण या रिंगणात ते कधी रिकिबीत पाय घालून वर चढले नव्हते. सरांनी मालोजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"येतं का तुम्हांला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तंजावरला मामाचा टांगा होता, सार. त्याचे घोडे नदीवर मीच न्यायचों. खोगीर नव्हतं तेव्हां. आतां खोगीर आहे."

सरांनी फाटकाकडे बोट दाखवलं.

मालोजी चढले. एकसष्ट वर्षांचा माणूस, खाकी चड्डी, पायात जुनी सँडल, पण पाठ अशी सरळ की मास्तरांनी सुद्धा आपली पाठ चाचपून पाहावी. आधीची फेरी आम्हाला माहीत होती तशीच झाली. उजवीकडे ती कशीबशी वळली. डावा लगाम लागताच मान वर, डोकं तिरकं, मागचा पाय आखडलेला, आणि रिंगणाच्या मधोमध खुंटा ठोकल्यासारखी उभी. मालोजींनी दुसऱ्यांदा लगाम खेचला नाही. ते उतरले आणि तिला उजव्या बाजूने धरून बाहेर घेऊन आले.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डावीकडून धरलं की हाताचं ओझं डाव्या जबड्यावर येतं. हा माणूस धडा विसरला नव्हता. दोन महिने सगळ्यांचं हसू सोसून तो त्या सांध्याला जपत होता.

देवेशने केस काढून जागा धुतली आणि बारीक सुई आत घातली. मालोजींनी तिचा दुसरा गाल आपल्या छातीशी धरला होता. मग आम्ही थांबलो. वीस मिनिटं. शेजारच्या कारखान्यात पहिल्या पाळीचा भोंगा झाला. देवेश घड्याळाकडे पाहत होता. शेषाद्री सर कुंपणावर बोटांनी ताल धरून होते, पण तो ताल सारखा चुकत होता. माझ्या मनात एकच चाललं होतं. देवा, माझ्या शहाणपणाची शिक्षा या घोडीला नको, हवं तर माझे गुडघे घे.

"चला, काका," देवेश म्हणाला.

मालोजी परत चढले. एक फेरी उजवीकडे, सावकाश. मग ते रिंगणाच्या मध्यावर आले आणि त्यांनी डाव्या लगामाने वळण मागितलं. ओढला नाही. करंगळी मिटावी एवढाच हात मिटला.

मधुवंतीने कान हलवले. वाट पाहिली. दुखायचं होतं ते दुखलं नाही, हे तिला कळायला एक पाऊल लागलं. मग तिने मान खाली घेतली, कडियाळं तोंडात चघळलं आणि लोण्यात सुरी फिरावी तशी डावीकडे वळली. मागचा उजवा पाय लांब पडला, पुढच्या पावलाच्या ठशात जाऊन बसला. दुसरा गोल, तिसरा गोल. मालोजींनी टाच लावली नाही, नुसता श्वास बदलला असेल, आणि ती दुडकीवर आली. टप टप, टप टप, वाळूवर अगदी समेवर. तोंडाशी पांढरा फेस आला, डोळे निवळले. मालोजी हसत होते. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी त्यांना असं तोंडभर हसताना मी पाहिलंच नव्हतं.

"जिंकलात, काका!" देवेश अकोल्याच्या आवाजात ओरडला.

मी तर ढसाढसा रडत होते. शेषाद्री सरांच्या बोटांना आता ताल सापडला होता. मैलापूरच्या गाण्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसून मोठमोठ्या गवयांना सुद्धा ते सहजी दाद देत नाहीत. ते उभे राहिले, हात वर केला आणि रिंगणाकडे पाहून म्हणाले, "भेष! भेष!"

मला वाटलं मालोजी आता दहा-वीस फेऱ्या मारतील. चौतीस वर्षांची हौस होती. पण दुडकीची एकच फेरी होताच त्यांनी तिला थांबवलं आणि उतरले.

"अजून दहा मिनिटं बधिर राहील, काका. फिरा की," देवेश म्हणाला.

"तिला कळत नाही, मज कळतं ना," मालोजी म्हणाले. "दुखत नाही म्हणून बरं झालं असं नव्हे. आतां औषध सांगा."

रविवारी समुद्रावरची माणसं आली आणि सरांनी त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. मधुवंतीच्या सांध्यात औषध दिलं गेलं. तीन महिने कडियाळं बंद. लगाम नाकाच्या पट्ट्याला बांधायचा, चारा भिजवून मऊ करायचा. देवेशने तिच्या कागदावर दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं आणि त्याच्या खाली देवनागरीत लिहिलं, 'ताडै'. "हा शब्द आता जन्मात विसरणार नाही, मॅडम," तो म्हणाला. मीही नाही. त्या दिवसापासून मला कुठलाही शब्द चुकीचा वाटला की मी आधी विचारते, कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा.

विमलालाही आम्ही जबड्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिच्या गेलेल्या दाढा काही परत यायच्या नाहीत, पण आता ती जिना चढते.

जानेवारीच्या शेवटी शाळेचा वार्षिक दिवस झाला. शेवटी सगळे घोडे पाहुण्यांसमोरून चालवत नेतात. मोतद्दारांनी नवे सदरे घातले होते. विमला केसांत मोगरा माळून माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर मुरुक्कूंची पुडी. कल्याणी गेली, भैरवी गेली. मधुवंती सर्वांत शेवटी होती. त्या आठवड्यात तिच्या तोंडात पहिल्यांदा परत कडियाळं चढलं होतं, आणि मालोजी फाटकापाशी तिच्या उजव्या बाजूला उभे होते, गेले पाच महिने उभे राहायचे तसेच.

फाटक उघडलं तरी ते लगेच निघाले नाहीत. पलीकडे हात नेऊन त्यांनी दोन बोटं तिच्या कानापुढच्या सांध्यावर ठेवली आणि जराशी दाबली. मधुवंतीने डोळाही हलवला नाही.

"काय करतायत?" मी विमलाला विचारलं.

"विचारतायत तिजला," ती म्हणाली.

मग मालोजी तिच्या नाकासमोरून फिरून डाव्या बाजूला आले, डावा लगाम हातात घेतला आणि तिला घेऊन पाहुण्यांसमोरून चालू लागले. त्यांच्या हाताच्या आणि तिच्या तोंडाच्या मध्ये तो लगाम सैल लोंबत होता.